जंत्रींतली तार

कात्रजला आम्ही राहतों असें सांगितलें कीं पेठांतील मंडळी अजूनहि गालांतल्या गालांत हंसतात. १६६३ सालीं शाएस्तेखानावर छापा घालून मराठे निसटले, तेव्हां बैलांच्या शिंगांना पलिते बांधून ते कात्रजच्या घाटांत सोडण्यांत आले आणि मोंगल स्वार त्या उजेडामागें धांवत सुटले, अशी जी कथा आपण लहानपणापासून ऐकत आलों ती मराठी माणसाला इतकी प्रिय आहे कीं 'कात्रजचा घाट दाखविणें' या रूपानें ती भाषेंतच मुक्कामाला आली. ज्या गांवानें मोंगलांना घाट दाखविला त्याच गांवांत राहून आम्हांसहि एके दिवशीं तो पाहावा लागेल, आणि तोहि आमच्याच स्वयंपाकघरांत, शिवणाच्या दोऱ्याएवढ्या एका तारेकडून, अशी मात्र आमची कल्पना नव्हती.

आमच्या घरांत मिरजेचा एक तंबोरा आहे. मिरजेच्या तंतुवाद्यांची कीर्ति वाचकांस ठाऊक असेलच. २०२४ सालीं तेथील सतारीला नि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनहि मिळालें. परंतु हा धंदा तेथें उभा केला तो शिकलगारांनीं, म्हणजे तलवारींना धार देणाऱ्या लोकांनीं, ही गोष्ट आम्हांला नेहमींच गंमतीची वाटत आली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास तलवारींचे दिवस संपले, तेव्हां फरीदसाहेब शिकलगारांसारख्या कारागिरांचे हात भोपळ्याकडे वळले. पोलादाशीं त्यांचें नातें तुटलें नाहीं. पूर्वीं तें पात्याचें होतें, आतां तें तारेचें झालें, इतकेंच.

हा तंबोरा आम्हीं आमच्या मुलीसाठीं आणला होता. गेलीं सोळा वर्षें तो गवसणी घालून कोपऱ्यांत उभा होता. गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आमची आठ वर्षांची नात आली, तिनें ती गवसणी कोणास न विचारतां काढली, आणि तारांवरून बोट फिरवून "आजोबा, हा वाजत कां नाहीं?" असें विचारलें. चार तारांपैकीं जोडाची एक तुटली होती, दुसरी गंजली होती. मुलगी स्वयंपाकघरांतून म्हणाली, "राहूं दे तो." पण नातीचा हुकूम आणि मुलीचा हुकूम यांत आजोबांनीं कोणता मानावा, हें सांगावयास नको. आम्ही त्याच दिवशीं शहरांत जाऊन पोलादी तारेचें एक भेंडोळें घेऊन आलों.

तार लावण्यापूर्वीं तिच्या एका टोंकाला फांसा करावा लागतो, म्हणजे ती भोपळ्याच्या बुडाशीं अडकवितां येते. ही तार कांहीं केल्या वळेना. बोटांनीं वळवावी तों ती ताडकन् सुटे. दोनदां ती नखांत शिरली. तेव्हां आम्हीं विचार केला, आपण सोनाराच्या पोटीं जन्मलों, तारेला कसें वश करावें हें आपल्याला कोणीं शिकवावें? आम्हीं गॅसची ज्योत मोठी केली, तारेचें टोंक मंद लाल होईपर्यंत तापविलें, मग ज्योत हळूहळू उतरवीत तें निवूं दिलें. आणि काय सांगावें! मघांची ती उद्दाम तार सुतासारखी नरम झाली. फांसा असा सुरेख बसला कीं तो आम्हीं नातीला दोनदां दाखविला. मग खुंटी पिळूं लागलों. स्वर चढूं लागला, चढत चढत षड्जाच्या बराच खालीं असतांनाच खटकन् आवाज झाला आणि तार आमच्या मनगटावर आली. तापविलेल्या जागींच ती तुटली होती.

दुसऱ्या खेपेस आम्हीं वडिलांची पद्धत अधिक निष्ठेनें पाळली. तार लखलखीत लाल केली आणि तशीच पाण्यांत बुडविली, कारण वडील सोनें असेंच बुडवीत. ही तार तर खुंटीपर्यंत पोंचलीच नाहीं. फांशासाठीं वळवितांच कांचेच्या काडीसारखी ती बोटांत मोडली. नात शेजारीं बसून मोजीत होती. "आजोबा, दोन!" ती म्हणाली. तिसरा तुकडा आम्हीं मुकाट्यानें कपाटांत ठेवला.

येथें आमच्या वडिलांच्या दुकानाविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. पेठेंतल्या एका अरुंद बोळांत तें होतें, आणि त्यांतली आमची सर्वांत आवडती वस्तु म्हणजे जंत्री. जंत्री म्हणजे पंचांग नव्हे. सोनाराची जंत्री म्हणजे एक जाड पोलादी पट्टी. तिला रांगेनें भोकें पाडलेलीं, प्रत्येक भोंक मागच्याहून किंचित् लहान. सोन्याच्या सळईचें टोंक कानशीनें निमुळतें करून मोठ्या भोकांतून पलीकडे काढावयाचें, तें पकडींत धरावयाचें, नि सर्व अंगाचा भार टाकून ओढावयाचें. सळई भोकांतून बाहेर येई ती थोडी बारीक होऊन आणि थोडी लांब होऊन. मग पुढचें भोंक. लहानपणीं ओढण्याचें काम आमच्याकडे असे, आणि आमचें अंग घामानें निथळूं लागलें कीं वडील म्हणत, "जंत्रींतून गेल्यावांचून तार होत नाहीं, बरं का." हें वाक्य ते तारेविषयीं बोलत कीं आमच्याविषयीं, हें त्या वयांत कळलें नाहीं, पण तें वाक्य आम्हीं वडिलोपार्जित दागिन्यासारखें जपलें आणि पुढें जरूर तेव्हां, आणि पुष्कळदां जरूर नसतांनाहि, वापरलें. त्याच दुकानांत आणखी एक वस्तु होती, तिची आठवण मात्र आम्हांला फार उशिरां झाली. ती म्हणजे शेगडी. तिच्याकडे आपण पुढें येऊं.

आमचा एक भाचा घाटापलीकडे, शिरवळच्या बाजूस, तारेच्या एका कारखान्यांत धातुशास्त्राचें काम पाहतो. रविवारीं पुण्यास येतांना तो कात्रजला आमच्याकडे चहा घेतल्यावांचून पुढें जात नाहीं. त्याच्यापुढें आम्हीं ते दोन तुकडे ठेवले आणि दुकानदारानें आम्हांला फसविलें अशी फिर्याद मांडली. त्यानें तुकडे उजेडांत धरले, टोंकें न्याहाळलीं, आणि तो इतका हंसला कीं चहा बशींत सांडला. "मामा, दुकानदारानें चांगलीच तार दिली होती," तो म्हणाला. "कारखान्यांत पंचवीस-सव्वीस वेळां ओढून जें कमावलें तें तुम्हीं एका मिनिटांत गॅसवर घालविलेंत. आणि दुसऱ्या तुकड्याचें तर तुम्हीं तलवारीचें पातें केलेंत! तलवारीला निदान मागाहून थोडी आंच तरी देतात." पुढच्याच आठवड्यांत तो आम्हांला गाडींत घालून घाट उतरवून कारखान्यांत घेऊन गेला.

तारेच्या कारखान्यांत मोठी आग असेल अशी आमची समजूत होती. परंतु जेथें तार ओढतात त्या लांबलचक छपराखालीं आगीचें नांव नव्हतें. साडेपांच मिलिमीटर जाडीच्या पोलादी सळयांचीं वेटोळीं तेथें येतात. त्यांवरची गंजासारखी खपली आधीं तेजाबानें धुवून काढतात, मग त्यांना चुन्यासारखा एक लेप देतात. पुढें एका पेटींत साबणाची कोरडी भुकटी भरलेली असते. सळई त्या भुकटींतून जाते नि लगेच एका डायमधून ओढली जाते. हा डाय म्हणजे वडिलांच्या जंत्रीचें एकच भोंक, फक्त टंगस्टन कार्बाइडचें. अगदीं बारीक तारांसाठीं तें हिऱ्याचेंहि असतें. पलीकडे एक फिरता पिंप असतो, त्यावर तार गुंडाळली जाते, आणि तोच पिंप तिला ओढतो. एका पिंपापासून दुसऱ्याकडे, दुसऱ्यापासून तिसऱ्याकडे, अशी एक ओळच्या ओळ. दर डायपाशीं तारेच्या छेदाचें क्षेत्रफळ सुमारें एक-पंचमांश कमी होतें. पोलाद कोठें नाहींसें होत नाहीं. जितकी जाडी जाते तितकी लांबी येते. साडेपांच मिलिमीटरांची एक मीटर सळई तंबोऱ्याच्या ०.३ मिलिमीटरांपर्यंत आणली तर तिची ३३६ मीटर तार होते. बाहेरून उष्णता न देतां ओढणें म्हणून याला थंड ओढकाम म्हणतात. तरी घर्षणानें नि धातूच्या आंतील मोडतोडीनें तार तापतेच, आणि ती दोनशें अंशांच्या आसपास जाऊं लागली तर ठिसूळ होते म्हणून पिंपांच्या पोटांतून सारखें पाणी खेळवितात.

"मग माझ्या वडिलांच्या जंत्रींत नि या कारखान्यांत फरक काय?" आम्हीं विचारलें. भाच्यानें उत्तर न देतां आम्हांला दुसऱ्या छपराखालीं नेलें. आग येथें होती. तेथें सळया एका लांब भट्टींतून नऊशें-साडेनऊशें अंशांपर्यंत तापून बाहेर येत होत्या आणि सरळ वितळलेल्या शिशाच्या हौदांत बुडत होत्या. त्या शिशाची उष्णता असते पांचशें ते साडेपांचशें अंश. तापलेल्या पोलादाला हा हौद थंड पाण्यासारखाच वाटत असला पाहिजे, पण तो पाण्याइतका क्रूर नाहीं. या क्रियेला पेटंटिंग म्हणतात. हें नांव आम्हांला चमत्कारिक वाटलें. चौकशी करतां कळलें कीं बर्मिंगहॅमच्या जेम्स हॉर्सफॉल यांनीं १८५४ सालीं या क्रियेचें पेटंट घेतलें, आणि कामगारांनीं क्रियेचें खरें नांव टाकून देऊन पेटंट हेंच नांव ठेवलें. १८६६ सालीं अटलांटिक महासागराच्या तळाशीं जी तारायंत्राची केबल यशस्वीपणें टाकली गेली, तिचें चिलखत याच तारेचें होतें.

या शिशाच्या हौदांत काय घडतें, हें समजून घेण्यास आम्हांला थोडा वेळ लागला. तें वाचकांस चिरोट्याच्या आधारें सांगतों. या सळयांच्या पोलादांत शेंकडा ०.८ च्या सुमारास कर्ब असतो. तापलेल्या स्थितींत तो लोखंडांत सर्वत्र विरघळलेला असतो. निवतांना मात्र तो लोखंडाच्या संगतींत राहूं शकत नाहीं. तो वेगळा होतो, आणि वेगळा होतांना थर पडतात. एक थर जवळजवळ शुद्ध, मऊ लोखंडाचा, म्हणजे फेराइटचा. त्यावर एक अतिशय कठीण थर, लोखंड व कर्ब यांच्या संयुगाचा, म्हणजे सिमेंटाइटचा. पुन्हां मऊ, पुन्हां कठीण. चिरोट्याला जसे पापुद्रे सुटतात तसे. वजनानें पाहिलें तर कठीण भाग आठांत एक. शेफील्डच्या हेन्री क्लिफ्टन सॉर्बी यांनीं १८६० नंतरच्या दशकांत पोलादाचा तुकडा घांसून, आम्लानें खाववून, सूक्ष्मदर्शकाखालीं धरला तेव्हां त्यांना शिंपल्याच्या आंतल्या अंगासारखी झळक दिसली. मोत्यावरून त्या रचनेला पुढें पर्लाइट हें नांव पडलें. सळई सावकाश निवली तर हे पापुद्रे जाड होतात. शिशाच्या हौदांत ते अत्यंत बारीक होतात: दोन कठीण थरांमधलें अंतर मिलिमीटराच्या दहाहजाराव्या भागाइतकें. आणि पाण्यांत बुडविली तर पापुद्रे पडावयास वेळच मिळत नाहीं. कर्ब जागच्या जागीं अडकून राहतो आणि पोलाद कांचेसारखें होतें. आमचा दुसरा तुकडा बोटांत कां मोडला, हें त्या क्षणीं आम्हांला समजलें. सोन्याला पाण्याचें भय नाहीं, कारण त्याच्या पोटांत कर्ब नाहीं.

आतां अशा पापुद्र्यांची सळई डायमधून ओढली म्हणजे काय होतें? धातु वांकतो, ताणला जातो, तो त्यांतील अणूंच्या रांगा एकदम सरकून नव्हे. लग्नघरांतली मोठी सतरंजी सरकवावयाची असली तर सगळी एकदम ओढीत नाहींत. एका टोंकाला सुरकुती पाडतात नि ती पायानें पुढें ढकलीत नेतात. धातूच्या स्फटिकांतहि अशाच सुरकुत्या असतात. १९३४ सालीं टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या तिघांनीं, एकमेकांवर अवलंबून न राहतां, ही कल्पना मांडली. सुरकुत्या सहज फिरतात तोंपर्यंत धातु मऊ. ओढकामानें या सुरकुत्या असंख्य वाढतात, एकमेकींत अडकतात, आणि प्रत्येक मऊ थरांत दोन्हीं बाजूंच्या कठीण भिंतींवर जाऊन आदळतात. शिवाय सळई बारीक होतांना पापुद्रेहि बारीक होतात. आडवेतिडवे होते ते तारेच्या दिशेला वळतात. दोन भिंतींमधली गल्ली अरुंद होत जाते. चांगली ओढलेली तार घेतली तर ती गल्ली पूर्वीच्या चौथ्या-पांचव्या हिश्श्यावर येते. जितकी गल्ली अरुंद तितकी सुरकुतीला धांव कमी, आणि तितकी तार बळकट.

भाच्यानें आम्हांला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानें घेतलेलीं छायाचित्रें दाखविलीं. लांबीच्या अंगानें कापलेल्या तारेंत सगळे थर पावसाच्या धारांसारखे समांतर होते. परंतु आडव्या छेदाचें चित्र पाहून आम्ही थक्क झालों. तेथें थर कुरळ्या केसांसारखे एकमेकांत गुरफटलेले होते. याचें कारण असें कीं ओढतांना लोखंडाचे स्फटिक एका ठराविक दिशेनें उभे राहतात, आणि तसे उभे राहिल्यावर त्यांना एकाच अंगानें चपटें होतां येतें. प्रत्येक कण फितीसारखा होतो, आणि शेजाऱ्याला जागा देण्यासाठीं वळून त्याच्याभोंवतीं गुंडाळला जातो. आम्हीं आजवर तार म्हटली कीं एकजीव, गुळगुळीत, आंतबाहेर सारखी अशी वस्तु डोळ्यांपुढें आणीत होतों.

आंकड्यांशिवाय धातुशास्त्रज्ञाचें समाधान होत नाहीं, म्हणून तेहि देतों. इमारतींतलें साधें मऊ पोलाद चौरस मिलिमीटरास पंचेचाळीस किलोंच्या आसपास तुटतें. शिशाच्या हौदांतून निघालेली सळई शंभर ते सवाशेंपर्यंत टिकते. तीच ओढून ०.३ मिलिमीटरांची केली म्हणजे २४० च्या पुढें जाते. आतां तंबोऱ्याकडे या. आमच्या तंबोऱ्याची वाजणारी लांबी ९० सेंटिमीटर आहे. मुलगी काळी चारमध्यें गात असे. म्हणजे जोडाची तार सेकंदाला सुमारें २०८ वेळां हालली पाहिजे. भाच्यानें वर्तमानपत्राच्या कडेला हिशेब करून दाखविला कीं त्यासाठीं तारेंत चौरस मिलिमीटरास ११२ किलोंचा ताण लागतो. आणि मौज अशी कीं हा आंकडा तारेच्या जाडीवर मुळींच अवलंबून नाहीं! तार जाड घ्या, बारीक घ्या, लांबी आणि स्वर ठरले कीं ताण ठरला. साधी पोलादी तार त्या स्वराच्या अर्ध्या वाटेवर सुद्धां तग धरणार नाहीं. आमची गॅसवर निवलेली तार शंभराच्या खालीं आली होती. ती षड्जाला कशी पोंचणार? गेल्या कित्येक पिढ्यांचें गाणें या थंड ओढलेल्या तारेच्या मागें बसून झालें, आणि तंबोऱ्याचें वर्णन करणारे आपण सगळे भोपळ्याचें नि जवारीचेंच कौतुक करीत राहिलों.

एवढें ऐकून आमच्या तोंडून वडिलांचें वाक्य निघालें. "म्हणजे जंत्रींतून गेल्यावांचून तार होत नाहीं, हें खरेंच तर!" भाचा लगेच म्हणाला, "अर्धें खरें, मामा." त्यानें सांगितलें तें असें. साडेपांच मिलिमीटरांपासून ०.३ पर्यंत सळई एका दमांत ओढीत नाहींत. सव्वा मिलिमीटराच्या आसपास आली कीं तिला पुन्हां भट्टींत घालतात, पुन्हां शिशांत बुडवितात, नवे पापुद्रे पाडून घेतात, आणि मग पुढें ओढतात. प्रत्येक डायला तार बळकट होते खरी, पण तिची लवण्याची शक्ति संपत जाते. फाजील ओढली तर कठीण थर इतके पातळ होतात कीं ते फुटूं लागतात, कांहीं तर विरघळून त्यांतला कर्ब पुन्हां मऊ लोखंडांत शिरतो. ओढून पाहिलें तर अशी तार उत्तम आंकडा दाखविते. पण पिळून पाहिली तर लांबीच्या लांबी उसासारखी उकलते. म्हणून कारखान्यांत प्रत्येक वेटोळ्याचा तुकडा ओढूनहि पाहतात, पिळूनहि पाहतात. डोळ्यांना दोन्हीं तारा सारख्याच चकचकीत.

डोळ्यांवर विसंबल्यानें काय होतें याची एक मोठी गोष्ट न्यूयॉर्कच्या ब्रुक्लिन पुलाची आहे. पोलादी तारांवर टांगलेल्या त्या पुलाचें काम चाललें असतां १८७८ सालीं उघडकीस आलें कीं तारा पुरविणारा कंत्राटदार, जे. लॉइड हेग, तपासनिसांना चांगलीं वेटोळीं दाखवीत होता आणि वाटेंत तीं बदलून नाकारलेलीं वेटोळीं पुलावर पाठवीत होता. खास कात्रजचा घाट! खराब तार दोरखंडांत गुंफली गेली होती, ती काढतां येण्याजोगी नव्हती. मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोब्लिंग यांनीं पूल लागेल त्याच्या सहापट बळकट योजिला होता, म्हणून निभावलें. प्रत्येक दोरखंडांत त्यांनीं दीडशेंच्या सुमारास जास्त तारा घालावयास लाविल्या, आणि पूल १८८३ सालीं खुला झाला. ती नाकारलेली तार त्यांत तशीच राहिली.

परत येतांना घाटांत आमच्यापुढें एक मालमोटार होती. तिच्यावर बोटाएवढ्या जाडीच्या पिळाचीं प्रचंड वेटोळीं लोखंडी पट्ट्यांनीं आंवळून बांधलेलीं होतीं. कोठल्या तरी पुलाच्या कामाला तीं निघालीं होतीं. एका सरळ तारेभोंवतीं सहा तारा वळून हा पीळ करतात, आणि असा एकच पीळ सव्वीस टनांच्या आसपास भार घेतो. "तुमच्या तंबोऱ्याचीच बहीण," भाचा म्हणाला. कॉंक्रीट दाबाला बळकट असतें, ताणाला दुबळें. म्हणून त्याच्या पोटांतून तार ताणून घालावी, म्हणजे ती त्याला सदैव दाबून धरील, ही युक्ति पुष्कळांना सुचली होती. पण साध्या पोलादानें ती साधत नव्हती. दहा मीटरांची साधी सळई निर्धास्तपणें ताणली तर जेमतेम सात मिलिमीटर लांबते, आणि कॉंक्रीट वर्षा दोन वर्षांत आपल्या आपण तितकेंच आंखडतें. मग ताण उरला कोठें? थंड ओढलेली तार पांसष्ट मिलिमीटर लांबवितां येते. त्यांतले सात गेले तरी बिघडत नाहीं. फ्रान्सच्या यूजेन फ्रेसिने यांनीं हें ओळखून १९२८ सालीं आपलें पेटंट घेतलें. कात्रजच्या तलावापासून पेशव्यांनीं शनिवारवाड्यापर्यंत पाणी नेलें तें चुन्या-दगडाच्या भुयारी नळांतून. तेथें सगळा भार दाबाचा, तारेचें काम नव्हतें. आजचे पूल मात्र या ताणलेल्या तारांवर उभे आहेत, हें त्यांखालून जातांना आम्हांस आतां विसरतां येत नाहीं.

पण त्या संध्याकाळीं आमच्या मनांत पूल नव्हते. वडिलांची शेगडी होती. तीन भोकें झालीं, चार झालीं, कीं वडील आमच्या हातून तार काढून घेत, तिचें वेटोळें करून निखाऱ्यांवर ठेवीत, फुंकणीनें हलकेच फुंकीत, लाल झाली कीं पाण्यांत टाकीत, आणि मऊ झालेली तार पुन्हां आमच्या हातीं देत. एकदां त्यांची पाठ वळली असतां आम्हीं पौरुष दाखविण्यासाठीं तशीच दोन भोकें जास्त ओढली, तार तुटली, आणि वडील कांहीं न बोलतां तुकडे गोळा करून पुन्हां मुशींत घालावयास गेले. सोनाराला सोनें वाया जात नसतें. आम्हीं त्यांचें वाक्य तेवढें उचललें. शेगडी दुकानांतच राहिली.

आमची मुलगी सातव्या वर्षीं गाणें शिकूं लागली. गळा चांगला होता, आणि तो चांगला आहे हें आम्हांला तिच्याहून अधिक वाटत होतें. पहांटे साडेचारला खर्जाचा रियाज, संध्याकाळीं गुरुजींकडे, रात्रीं पुन्हां उजळणी. कार्यक्रम झाला कीं दुसऱ्या दिवशीं सकाळच्या चहाबरोबर चुकांची यादी. ती यादी आम्ही वहींत लिहीत असूं. आजारपणांतहि आठ दिवसांहून अधिक सुटी नाहीं. "जंत्रींतून गेल्यावांचून" हें वाक्य त्या घरांत किती वेळां उच्चारलें गेलें याची गणती नाहीं. ती दर वर्षीं चांगली गाऊं लागली, हें खरें आहे, आणि त्यानेंच आम्ही फसलों. एकोणिसाव्या वर्षीं एका सकाळीं तिनें तंबोऱ्याला गवसणी घातली. भांडण नाहीं, रडणें नाहीं. आम्हीं कारण विचारलें नाहीं. आमच्या मतें तें नादानपणाचें लक्षण होतें आणि तें आपोआप जाईल अशी आमची खात्री होती.

कारखान्याहून आल्यावर रात्रीं आम्हीं तिला सर्व हकीकत सांगितली. शिशाचा हौद, पापुद्रे, पिळून पाहणें, आणि शेवटीं शेगडी. मनांत जें होतें तें सरळ बोलणें आम्हांला जमत नाहीं, म्हणून आम्हीं तारेच्या आडून बोललों: "मधून मधून तापवावी लागते, हें आम्हांला तेव्हां आठवलें नाहीं." आम्हांला वाटलें, यावर तिच्या डोळ्यांत पाणी येईल. ती हंसली.

"बाबा, म्हणजे ओढायचेंहि तुम्हीच, आणि मऊ करायचेंहि तुम्हीच?" ती म्हणाली. "मी तार नव्हें हो. मला विचारलें असतें तर मीं सांगितलें असतें कीं मला रविवारीं झोंपायचें आहे."

यावर आम्हांला उत्तर सुचलें नाहीं, आणि आज हें लिहितांनाहि सुचत नाहीं. उपमा देण्याची आमची खोड जुनी आहे. ती वडिलांची होती, त्यांच्या हातीं ती निरुपद्रवी होती, कारण ते बोलत कांहींहि, करीत मात्र बरोबर.

सकाळीं तिनें स्वतःच कपाटांतून तारेचा तिसरा तुकडा काढला. गॅसकडे ती फिरकली नाहीं. एका खिळ्याभोंवतीं तार घेऊन तिनें दोन्हीं पदर घट्ट धरले आणि सावकाश, एकमेकांवर न चढूं देतां, पीळ घालीत नेले. गुरुजींनीं शिकविलेली ही हिकमत तिचीं बोटें विसरलीं नव्हतीं. मोठ्या गोलाईनें वळविली तर ही तार वळते. तीक्ष्ण कोन तिला चालत नाहीं. नात खुंटीशीं बसली होती. तार चढत गेली, आम्ही उगीच मनगट मागें घेऊन उभे होतों, आणि काळी तीनला मुलीनें हात थांबविला. काळी चार आतां आपल्याला झेंपणार नाहीं, असें ती म्हणाली. सोळा वर्षांत आवाज खालीं आला आहे. मग तिनें नातीला षड्ज कोणता तें दाखविलें. आम्ही पलीकडच्या खोलींत जाऊन वर्तमानपत्राच्या कडेला पुन्हां हिशेब केला. काळी तीनला चौरस मिलिमीटरास ८९ किलो लागतात.